सायकलचे पैसे

"काकाजी, सायकल चालवता का चरायले नेता?"

लाखांदूरच्या वाटेवर नाल्याच्या पुलावर तिघे-चौघे विड्या ओढत बसले होते. त्यांतल्या एकाने विचारलं आणि बाकीचे हसले. केवळरामने नेहमीप्रमाणे नुसती मान हलवली. ही थट्टा त्याला नवी नव्हती. गेली दहा वर्षं लोक हेच बघत आले होते. सायकलचं हँडल धरून केवळराम पायी चालला आहे, त्याच्या मागे दोन पावलांवर जमुनाबाई, आणि सायकलचं कॅरिअर रिकामं. एकटा असला की हाच माणूस टांग मारून निघायचा आणि अर्ध्या तासात लाखांदूर गाठायचा. बायको बरोबर असली की मात्र सायकलसुद्धा पायी.

"एखाद्या दिवशी बसवा न काकीले मागं. पाडता का काय?"

"तिलेच विचार," केवळराम म्हणाला.

जमुनाबाईने ऐकलंच नाही असं दाखवून पदर सारखा केला.

साल अठ्ठ्याऐंशी होतं आणि बाजाराचा दिवस. आज सायकल विकायची होती. केवळरामचा उजवा गुडघा धरला होता आणि डॉक्टरने पायडल मारायची बंदी केली होती, असं त्याने गावात सांगितलं होतं. ते खरंही होतं, पण ते रिकामं कॅरिअर ओढत चालणंही आता त्याला होत नव्हतं. बायकोला तो आदल्या दिवशी एवढंच म्हणाला, "उद्या सायकल बाजारात नेतो. येतेस का?" ती "येतो" म्हणाली तेव्हा त्याला नवल वाटलं. दहा वर्षांत तिने त्या सायकलला हात लावला नव्हता. पडवीत ती आडवी लागली तर वळसा घालून जायची, पण बाजूला सारायची नाही.

ही सायकल घरात कशी आली ते सांगायचं तर आधी जी सायकल कधी नव्हतीच, तिच्याबद्दल सांगावं लागेल.

लग्न झालं तेव्हा केवळराम लाखांदूरच्या एका राईस मिलमध्ये धान भरडायच्या हलरवर काम करायचा. रोज पाच मैल जाणं, पाच मैल येणं, दोन्ही पायी. संध्याकाळी कोंड्याने पांढरा होऊन घरी यायचा. जमुना घरी विड्या वळायची. परसराम सट्टेदार, म्हणजे विडीचा ठेकेदार, कारखान्याकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणून चार गावांत वाटायचा आणि वळलेल्या विड्या मोजून न्यायचा. ज्या विड्या त्याला पसंत पडत नसत त्या 'छाट' म्हणून बाजूला काढी आणि छाटीचे पैसे देत नसे. जमुनाची छाट गावात सगळ्यांत कमी. परसरामसुद्धा म्हणायचा की या बाईच्या बोटांत माप आहे.

चार वर्षं मूल झालं नाही. केवळरामची आई चंद्रभागाबाई तोंडाने काही बोलायची नाही, पण शेजारणीच्या नातवाला उचलून अंगणात फिरायची आणि ते सुनेला दिसेल असं फिरायची. मग अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात एका दुपारी, सासू तलावावर धुणं घेऊन गेलेली असताना, जमुनाने केवळरामला वाढता वाढता सांगितलं, "मले पैसे जमवाचे हायेत."

"कायचे?"

तिने नुसतं पोटावरून पदर नीट केला. केवळरामचा घास हातातच राहिला.

"खरं?"

"हळू बोला. अना पैशाचं मी गमतीनं नाही म्हणून राहिली."

गमतीचं नव्हतंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. जमुनाचं माहेर वैनगंगेच्या काठी, एस.टी.च्या रस्त्यापासून तीन मैल आत. वडील धनीराम कष्टाळू आणि मानी. पण दिवाळीआधी, धान कापून घरात येईपर्यंत, त्या घरात रोकड म्हणून नसायची. जमुनाची थोरली बहीण ललिता तिथेच पहिल्या बाळंतपणाला आली होती, भादव्यात. दोन दिवस अडली. गावात इश्वरची जीप होती, पण डिझेलला पैसे नव्हते. शेवटी बैलगाडी जुंपली. गाडी नाल्यापर्यंत पोचली आणि ललिता पोचली नाही. जमुना तेव्हा तेरा वर्षांची होती आणि बहिणीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"मी बिना पैशाची तिथं जात नाही," ती म्हणाली. "मी रोजच्यापेक्षा दोनशे विड्या जास्त वळतो. थे पैसे वेगळे. कोणाले द्याचे नाही, कायलेच मोडाचे नाही."

"मोडत नाही बा."

"अना तोंडानं म्हणाचं नाही, कायचे पैसे म्हणून."

हेही बरोबर होतं. येणाऱ्या जिवासाठी आधी काही घ्यायचं नाही, शिवायचं नाही, त्याच्या नावाने काही बोलायचं नाही. नजर लागते. त्यातून जमुना चार वर्षांनी पहिल्यांदा राहिलेली. पैसे तर साठवायचे, आणि कशासाठी ते कुणाला सांगायचं नाही, अगदी सासूलाही नाही. कारण चंद्रभागाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"मंग सायकलचे पैसे म्हणू," केवळराम म्हणाला. "रोज पाच कोस तंगडतोड करतो मी. सायकल घेतो म्हटलं त कोण हसन?"

जमुना हसली. ते हसू केवळरामने नंतर फार वेळा आठवलं.

डालड्याचा एक रिकामा डबा धानाच्या कोठीमागे बसला आणि त्यात सायकलचे पैसे पडू लागले. परसराम हिशेब देऊन गेला की जमुना आपले वेगळे काढी आणि सासूदेखत म्हणे, "सायकलचे ठेवून येतो." चंद्रभागाबाई खूश होई. पोरगा सायकलवर बसून मिलमध्ये जाईल, याचं तिला अप्रूप होतं. शेजारीपाजारी तिने सांगूनही टाकलं.

आणि नवरा-बायकोला त्या शब्दाचा चाळाच लागला. डब्यात पन्नास झाले तेव्हा केवळराम म्हणाला की एक चाक झालं. शंभराला दुसरं. आषाढात एकदा जमुना सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती, ती एकदम थांबली. पान तसंच बोटांत.

"काय झालं वं?" सासूने विचारलं.

"काही नाही, माय."

केवळराम जेवायला बसला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आज सायकलनं घंटी वाजवली."

केवळरामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की आईने आतून विचारलं. मग रोजचंच झालं. आज घंटी वाजली का? दोनदा. काल राती झोपूच देलं नाही घंटीनं. असं बोलायचे दोघं, सगळ्यांसमोर, आणि कुणाला काही कळायचं नाही. केवळरामच्या सबंध आयुष्यात एवढे सुखाचे महिने दुसरे आले नाहीत.

पण शब्द तोंडात रोज असला की तो मनातही घर करतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मिलला जाता-येता त्याची नजर रस्त्यावरच्या सायकलींकडे जाऊ लागली. कुणाची हिरवी, कुणाची काळी, कुणाच्या सीटला झालर. पूर्वी त्या त्याला कधी दिसल्याही नव्हत्या.

सातव्या महिन्यात धनीराम लेकीला न्यायला आले. चंद्रभागाबाईने ओटी भरली, सुनेचं गाठोडं स्वतःच्या हाताने बांधलं. चार बाया जमलेल्या. पैसे बरोबर नेणं शक्यच नव्हतं. नेले तर वडिलांच्या तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं की तुमच्याने माझं बाळंतपण होत नाही. आणि सायकलचे पैसे माहेरी कशाला, हे सासूने विचारलं असतंच. निघताना जमुना उंबऱ्यापाशी थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दसऱ्याले याल तवा सायकलचे पैसे घेऊन येजा."

"सासुरवाडीत कायले?" चंद्रभागाबाई हसून म्हणाली. "तिकडे स्वस्त भेटते का सायकल?"

"बाबाच्या वळखीत हाये एक," जमुना म्हणाली आणि केवळरामकडे बघितलं. त्याने मान डोलावली. डब्यात तेव्हा दोनशेच्या वर होते.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा मिलच्या मुनीमजींनी लुना घेतली. त्यांची सायकल होती, काळी, दोनच वर्षं वापरलेली, झळझळीत. ते केवळरामला म्हणाले, "दोनशेत घेऊन जा. अन् सायकल असेल तर शेठ तुले हलरवरून काढून धानाचे नमुने आणायच्या कामाले लावते. गावोगाव फिरायचं. महिन्याचे वीस रुपये जास्त."

केवळराम म्हणाला, विचारून सांगतो. कुणाला विचारणार होता तो? विचारायचं माणूस नदीकाठी होतं. घरी आल्यावर त्याने नुसती बातमी म्हणून आईला सांगितलं, आणि चंद्रभागाबाई उठूनच बसली.

"मंग घे न."

"पाहू."

"पाहू काय? पैसे हायेत न सायकलचे?"

"हायेत."

"सायकलचेच हायेत न?"

केवळराम गप्प बसला. नाहीत, असं म्हणायला जीभ उचलली असती तर पुढचं सांगावं लागलं असतं. ते सांगितलं असतं तर आईने दुसऱ्या दिवशी तलावावर सांगितलं असतं. आणि नजर? तो गप्प बसला ते लेकराला जपण्यासाठी बसला, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर मुनीमजींची सायकल होती. दिवस भरायला अजून सव्वा महिना होता. वीस रुपये जास्तीचे, थोडी उचल, थोडं धान विकून. कार्तिकात डबा पुन्हा भरला असता. असं सगळं बरोबर जुळत होतं.

दसऱ्याला तो हँडलला झेंडूची माळ घालून सासुरवाडीला गेला. आठ मैल, वाटेत एकदाही उतरला नाही. अंगणात शिरताना त्याने घंटी वाजवली.

धनीराम कौतुकाने सायकलभोवती फिरले. "जवाईबापू, लोखंड चांगलं हाये," म्हणाले. शेजारी आले, टायर दाबून पाहिले. जमुना दारात उभी होती, दारात मावत नव्हती एवढी मोठी झालेली. ती सायकलकडे बघत होती.

"पैसे आणले का?" तिने विचारलं.

केवळरामने सीटवर थाप मारली आणि हसला. "हे पाह्य, उभी हाये. सायकलचे पैसे."

ती आत गेली, हळदकुंकू घेऊन आली, खाली वाकता येत नव्हतं म्हणून फक्त हँडलला बोट लावलं, अक्षता टाकल्या. दसऱ्याला नव्या वाहनाची पूजा करायची असते, ती तिने केली. नंतर परसदारी एकटा सापडला तेव्हा म्हणाली, "तुमाले ठाऊक होतं."

"कार्तिकापर्यंत भरतो मी. वीस रुपये वाढले. तुही शपथ."

"माही शपथ नका घेऊ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बरं."

त्या 'बरं'वर विसंबून केवळराम घरी आला.

दसऱ्यानंतर तेराव्या दिवशी दुपारी तो एका गावात कोठारापाशी उकिडवा बसून धान हातावर चोळून बघत होता, तेव्हा परसराम सट्टेदार घामाघूम होऊन आला.

"बावा, सकाळपासून शोधून राहिलो तुले. मिलमध्ये गेलो त म्हणे सायकल घेऊन गावं फिराले गेला. कोण्या गावात, थे कोणाले ठाऊक नाही. तीन गावं पाहिले मी."

"काय झालं?"

"तुह्या सासऱ्याचा निरोप हाये. पहाटेपासून कळा येऊन राहिल्या. सुईण म्हणते, पोर आडवं हाये." परसरामने श्वास घेतला. "अना तुह्या बायकोनं सांगतलं, सायकलचे पैसे जेवढे असतील तेवढे घेऊन या म्हणे. मले त काही समजलं नाही बा. सायकल त घेतली न तू?"

केवळरामच्या मुठीतलं धान सांडलं. डब्यात अकरा रुपये होते, आणि तेही घरी.

तो आधी मिलमध्ये गेला. शेठ नागपूरला गेलेले. मुनीमजींनी खिसे, गल्ला, दोन हमालांच्या कनवटी पालथ्या घातल्या आणि सत्तर रुपये हातावर ठेवले. "तुहे दोनशे परवाच लुनाच्या हप्त्यात गेले रे," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. केवळराम निघाला. पुढचा सगळा रस्ता त्याला आठवत नाही. एवढंच आठवतं की वाटेत माणसं आडवी येत होती आणि घंटी वाजवायला त्याचा अंगठा उचलत नव्हता.

तिसऱ्या प्रहरी तो पोचला तेव्हा इश्वरची जीप धनीरामच्या अंगणातच उभी होती. पहाटेपासून उभी होती. इश्वर बॉनेटला टेकून बसला होता, तो उठला.

"मी भाडं मागतलं नाही, भाऊ. विचारा तुमच्या सासऱ्याले. टाकीत डिझेल नाही. रस्त्यावरचा दुकानदार उधार देत नाही. मी काय करू?"

धनीराम ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते. सबंध गावात फिरून आले होते ते. कापणी तोंडावर आलेली, कुणाच्याच घरात पैसा नव्हता. बैलगाडी जुंपायचं नाव ललितानंतर त्या घरात कुणी काढत नव्हतं. जावयाकडे त्यांनी बघितलं नाही. मान खाली घालून म्हणाले, "जवाईबापू, दुसरी पोरगी हाये माही."

सत्तर रुपयांतल्या चाळिसांचं डिझेल आलं. जीप निघाली. जमुनाला मागच्या बाकावर निजवलं होतं. ललिताची गाडी थांबली होती तो नाला जीपने ओलांडला तेव्हा तिने डोळे उघडून बाहेर बघितलं. केवळरामला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

दवाखान्यात जमुना वाचली. मुलगी होती. डोक्यावर केस भरपूर. नर्सबाईंनी ती फडक्यात गुंडाळून केवळरामच्या हातात दिली तेव्हा ती अजून कोमट होती, आईच्या अंगाची ऊब तेवढी. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथे कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, त्याला कुणावर तरी रागवता आलं असतं. डॉक्टर एवढंच म्हणाले की बाईला आता पुन्हा दिवस जाणार नाहीत.

महिन्याने जमुना सासरी आली. केवळराम एस.टी.च्या थांब्यावर सायकल घेऊन उभा होता. तिच्या अंगात ताकद नव्हती, ओठ पांढरे पडले होते. त्याने कॅरिअरवर पोत्याची घडी घातली होती.

"बस."

"चालतो मी," ती म्हणाली आणि चालू लागली. केवळराम सायकल धरून तिच्या पुढे दोन पावलं चालला. घरी आल्यावर त्याने पाना घेतला, सायकलची घंटी खोलून काढली आणि वळचणीत खोचून ठेवली. आठ-पंधरा दिवसांनी पाहिलं तर ती तिथे नव्हती. आईने मोडीत घातली असेल असं त्याने धरलं.

आईला त्याने त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "माय, थे पैसे सायकलचे नव्हते." चंद्रभागाबाई आधी नुसती बघत राहिली. मग समजलं तशी जमिनीवर बसली. "मंग मले काहून नाही सांगतलं? मी काय वैरी होती तुमची?" ती पुढे पाच वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सुनेशी बोलताना तिचा आवाज खाली असे.

सायकल तेव्हाच का विकली नाही, असं कुणी विचारलं असतं तर केवळरामला सांगता आलं नसतं. नमुन्याचं काम सायकलवर होतं, हे एक. दुसरं असं की सायकल विकून टाकली असती तर झालेली गोष्ट सोयीने पुसल्यासारखी झाली असती, आणि एवढी सोय आपल्याला नसावी असं त्याला वाटायचं. जमुनाने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावावा म्हणून तो वाट बघायचा. पहिल्या वर्षी एकदा त्याने धीर करून सुरुवातही केली, "दसऱ्याले मी जे केलं..." तेव्हा ती ताटाकडे बघत म्हणाली, "वांग्यात मीठ बरोबर हाये का?" हाये म्हणाला. पुन्हा तो विषय निघाला नाही. जमुना विड्या वळत राहिली, छाट कमीच निघत राहिली. डालड्याच्या डब्यात ती आता विड्या बांधायच्या दोऱ्याची रिळं ठेवायची. निदान केवळराम तसं समजत होता. त्या डब्याला त्याने परत हात लावला नव्हता.

आज बाजारात ती सायकल घ्यायला एक ढिवर आला, तलावाची मासोळी गावोगाव विकणारा. बरोबर बायको होती, तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू. त्याने चाकं फिरवून पाहिली, चेन ओढली, हँडलवर अंगठा नेला आणि तिथे काही लागलं नाही.

"घंटी नाही का?"

"नाही."

"काहून?"

केवळरामने जमुनाकडे बघितलं. ती त्या लेकराकडे बघत होती. लेकराने तिच्या पदराचं टोक धरलं होतं आणि ती ते सोडवत नव्हती.

"काढली होती," केवळराम म्हणाला.

"मंग पाच रुपये कमी करा. मासोळीवाल्याले घंटी पायजेच, नाही त बाया बाहेर येत नाही."

त्याने पाच कमी केले. नव्वद आले. ढिवराने कॅरिअरवर बायकोला बसवलं, तिने लेकरू मांडीत घेतलं, आणि सायकल बाजाराच्या गर्दीतून डुलत निघून गेली. दोघंही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग केवळरामने पैसे जमुनाच्या हातात दिले आणि ते घराकडे निघाले. केवळरामला हात कुठे ठेवावेत ते कळेना. दहा वर्षं तो सायकलच्या आधाराने चालला होता. गुडघा दुखत होता, चाल मंद झाली होती. कधी तरी वाटेत त्याच्या ध्यानात आलं की जमुना मागे नाही, बरोबरीने चालते आहे. पुलावरची माणसं उठून गेली होती.

घरी पोचले तेव्हा दिवस अजून होता. जमुनाने कोठीमागून डालड्याचा डबा काढला आणि सुपात उपडा केला. दोऱ्याची रिळं पडली, आणि त्यांच्यामागून एक जड वस्तू घरंगळत सुपाच्या काठाला लागली. बारीकसा आवाज झाला. सायकलची घंटी होती. गंज नव्हता तिच्यावर. कुणीतरी वरचेवर पुसत असल्याशिवाय दहा वर्षांत लोखंड असं राहत नाही.

केवळराम खाली बसला.

जमुनाने नोटा सरळ केल्या, दुमडल्या, डब्यात ठेवल्या. त्यावर घंटी ठेवली. झाकण हातात घेऊन ती थांबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला सरळ विचारलं, "या पैशायले आता काय म्हणाचं?"

त्याने घंटीकडे बघितलं. आता भ्यायचं असं काही उरलं नव्हतं. कुणाची नजर लागणार, आणि कशाला.

"पोरीचे," तो म्हणाला. "पोरीचे म्हण."

जमुनाने मान हलवली आणि झाकण लावलं. जुनं झाकण, कडा वाकलेल्या, ते एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने उचलायचं. केवळरामने डबा दोन्ही हातांनी धरला, तिने झाकणावर तळवे ठेवून दाबलं, आणि ते बसेपर्यंत दोघांनी तो तसाच धरून ठेवला.